मामांचा डावा गाल

आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट आहे, बायकोलासुद्धा नाही. महाड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात, कामाच्या दिवशी, भर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, तपासणीच्या खोलीला आतून कडी लावून, चष्मा काढून मी एका काचेला गाल लावला आणि डोळे मिटले. पुढे काय झालं ते नंतर सांगतो. त्याआधी ज्यांच्यामुळे माझ्यासारख्या घुम्या माणसाला काचेला गाल लावावासा वाटला, त्या मामांबद्दल सांगायला हवं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, या गृहस्थाला गोष्ट सांगायची आहे की डोक्यावर औषध हवं आहे.

मामांचा डावा गाल आमच्या कंपनीत नोकरीला होता. हे वाक्य माझं नाही, मामींचं. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या बाजूला एका वाडीवर त्यांचं घर. चार म्हशी, थोडं भात, थोडी नाचणी. कुणी विचारलं, मामा कुठे असतात, की मामी सांगायच्या, "ह्यांचा डावा गाल कंपनीत हाय. बाकीचा मानूस त्याला सोबत म्हनून जातो."

कारखान्यात इंडक्शन शेगडीवरची ती काळी काच यायची. काच म्हणायची, पण धड काच नाही आणि धड चिनी माती नाही, दोहोंच्या मधलंच काहीतरी. कागदावर ग्लास-सिरॅमिक, आमच्या तोंडी नुसती प्लेट. यायची ती आरशासारखी गुळगुळीत, आणि गुळगुळीत वस्तू हाताला बरी लागते हा एक गैरसमज आहे. बोट चिकटतं, ठसे उमटतात. म्हणून ती ॲसिडच्या टाकीत ठरलेला वेळ बुडवायची. ॲसिड वरचा थर इतका किंचित खातं की डोळ्यांना फक्त चकाकी गेलेली दिसते, पण हात फिरवला की दगडासारखी टणक वस्तू मऊ लागते. कमी खाल्लं तर बोट अडतं, जास्त खाल्लं तर खडूसारखं खरखरतं. मधली ती एक जागा साधणं हाच आमचा सगळा धंदा. टाक्यांपाशी डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसं असायची. मी पलीकडच्या खोलीत. धुऊन, वाळून आलेल्या प्लेटा पास करायच्या किंवा परत पाठवायच्या, एवढंच माझं काम.

अडचण एकच होती. खरखर मोजायचं मशीन आमच्याकडे होतं आणि ते आकडा अगदी बरोबर द्यायचं. पण प्लेटा विकत घेणाऱ्या कंपनीचे पुण्याचे साहेब म्हणायचे, आकडा ठीक आहे, हाताला ठीक लागत नाही. मग हात शोधणं आलं. कामगारांचे हात विळ्याने आणि दोरखंडाने घट्टे पडलेले. बायांच्या हातांत दिवसभर रबरी मोजे. आमच्या मॅनेजरसाहेबांची बोटं नाजूक होती, पण महिनाअखेर जवळ आली की त्यांना सगळ्याच प्लेटा मऊ लागायच्या. माझ्या बोटांवर माझाच विश्वास नव्हता.

मामा तेव्हा कंत्राटी माणूस म्हणून खोकी उतरवायला होते. एकदा माझ्या टेबलापाशी खोकं ठेवताना त्यांनी एक प्लेट उचलली, डाव्या गालाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, "रेड्याचं ढोपार."

मॅनेजरसाहेब मागेच उभे होते. "काय म्हणालात?"

"रेड्याचं ढोपार हाय सायेब ह्ये. असं कोन घेईल घरात?"

माल तरीही पाठवला, आणि तो सगळा पुण्याहून परत आला.

गालाचं कारण साधं होतं. जनावराला ताप आहे का ते कानाला हात लावून बघतात. मामांच्या हाताला काहीच कळायचं नाही, इतका तो राठ. म्हणून लहानपणापासून ते म्हशीच्या कानाला गाल लावत. "हात कामाला, गाल कळायला," असं ते म्हणायचे. मॅनेजरसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना खोक्यांवरून काढून माझ्या खोलीत खुर्ची दिली. शेगडीला जगात कुणी गाल लावत नाही, हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं तेव्हा उशीर झाला होता.

मामांनी आमच्याकडे स्वतःची मापं आणली. रेड्याचं ढोपर म्हणजे सरळ बाद. वासराची जीभ म्हणजे ॲसिड जास्त झालं. बकरीचं नाक म्हणजे कमी झालं, अजून ओलसर चिकट लागतंय. आणि सगळ्यांत वरचं, क्वचित साधणारं, म्हणजे म्हशीच्या कानामागची जागा. ते साधलं की मामा बोलायचे नाहीत, नुसते गाल तिथेच ठेवून बसायचे, आणि मागे माल तुंबायचा. मी रोजच्या तक्त्यात "का. मा." असं लिहू लागलो. तो तक्ता चुकून मालाबरोबर पुण्याला गेला. तिथे त्याचं इंग्रजीत केएम झालं आणि विचारणा आली, हा केएम दर्जा कुठल्या मानकानुसार? मॅनेजरसाहेबांनी बराच विचार करून कळवलं की आमची अंतर्गत पद्धत आहे, तपशील गोपनीय आहेत. पुढच्या मागणीपत्रात त्यांनी छापूनच टाकलं, सर्व माल केएम दर्जाचा असावा. मामांना सांगितलं तर म्हणाले, "आमची काळी म्हस पुन्याला पोचली म्हना की."

गालाची निगा हा कंपनीचा विषय झाला. सकाळी आल्यावर एक दाढी, जेवणानंतर दुसरी. स्टोअरवाला ब्लेड द्यायला तयार नव्हता. म्हणे दाढीचं सामान औजारांत बसत नाही. मामा म्हणाले, "मंग माझी दाढी वाढू दे, आनि तुमचा माल तुम्ही चाटून बगा." ब्लेड मंजूर झाली. माझ्या खोलीत वजनकाट्याशेजारी आरसा टांगला गेला. मामा झोपायचे उजव्या कुशीवर. तंबाखू उजव्या गालात. शिमग्याला पोरं रंग घेऊन धावली की डाव्या गालावर हात ठेवून ओरडायचे, "उजवा घ्या रे! डावा ड्युटीवर हाय!"

त्यांची एक बहीण आमच्या नाते गावाला दिलेली. मी त्याच गावचा, म्हणून मी त्यांचा भाचा, आणि टेबलामागे बसतो म्हणून साहेब. दोन्ही मिळून "भाचेसायेब." अख्ख्या कारखान्यात मला नावाखेरीज दुसऱ्या कशाने हाक मारणारे ते एकटेच. मी मुळात कमी बोलणारा. दिवस दिवस आमच्या खोलीत मामांचा गाल आणि माझं पेन, एवढीच हालचाल असायची, आणि मला ते फार बरं वाटायचं.

आता कुणी म्हणेल, मामांचा गाल म्हणजे दैवी देणगी. तसंही नाही. एकदा थंडीत त्यांनी "का. मा." म्हणून पास केलेला माल जसाच्या तसा परत आला. मामा डगमगले नाहीत. "त्या दिशी गाल आखडला व्हता," म्हणाले. तेव्हापासून थंडीत गालावरून गुंडाळायला त्यांना गळपट्टा मिळाला. एकदा मी त्यांना तीच प्लेट दोनदा दिली. पहिल्यांदा वासराची जीभ म्हणाले, दुसऱ्यांदा बकरीचं नाक. मी ते त्यांना सांगितलं नाही. त्यांचा गाल खरोखर किती खरा, हे मला आजही ठाऊक नाही. पण एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे आणि ती फक्त मलाच ठाऊक आहे.

त्यासाठी थोरलीबद्दल सांगायला हवं. पुण्याच्या साहेबांनी कागदावर सही करून पसंत केलेली एक प्लेट आमच्याकडे होती. बाकी सगळे तिला "मास्टर" म्हणायचे. मामांनी तिचं नाव थोरली ठेवलं. आतून मखमल लावलेल्या लाकडी पेटीत ती असायची. प्रत्येक नवा माल तिच्याशी ताडून बघायचा. दाढी झाली की मामा पेटी उघडायचे, थोरलीला गाल लावायचे, "बरी हाय ना गो?" विचारायचे आणि मग कामाला बसायचे. त्या वेळी त्यांचा चेहरा असा व्हायचा की बघणाऱ्याने खिडकीबाहेर बघावं. मी बाहेर बघायचो. पण मनात यायचं, असं काय आहे त्या काचेत, की जे मला मशीनवर नुसतं आकड्यात दिसतं?

मग मामांची दाढ दुखायला लागली, आणि ती नेमकी डावीकडची. महिनाभर त्यांनी दुखणं काढलं, पण दाताच्या डॉक्टरकडे जाईनात. शेवटी मीच त्यांना महाडच्या बाजारपेठेत घेऊन गेलो. मामा खुर्चीत बसून म्हणाले, "डॉक्टर, उजव्या अंगानं हात घाला."

"दाढ डावीकडे आहे, मामा."

"ती असंल. पन डावा गाल माझा नाय, कंपनीचा हाय. ताणू नका."

दाढ निघाली. गाल सुजला. मामा घरी राहिले आणि दोन दिवस खोलीत मी एकटाच होतो.

त्यातल्या दुसऱ्या दुपारी मी कडी लावली. चष्मा काढला, पेटी उघडली, आणि थोरली दोन्ही हातांनी उचलून डाव्या गालाला लावली. सांगायला लाज वाटते, पण काहीतरी लागलं. गार होतं, आणि गार असूनही परकं नव्हतं. मी डोळे मिटले. म्हशीच्या कानामागे मी आयुष्यात कधी हात लावलेला नाही, तरी मला वाटलं, असंच असणार. किती वेळ गेला कोण जाणे. दारावर थाप पडली.

"भाचेसायेब! हाय का आत? मला काय घरात बसवंना."

मी दचकलो आणि थोरली हातातून सुटली. फरशीवर तिचे तीन तुकडे झाले.

"काय पडलं वो?"

"डबा," मी म्हणालो.

त्या क्षणी दार उघडून सगळं सांगितलं असतं तर फार काही झालं नसतं. पुण्याला कळवावं लागलं असतं, काही दिवस काम अडलं असतं, साहेब ओरडले असते. पण पहिला प्रश्न असता, पेटीतली प्लेट हातात कशाला घेतली होती? आणि त्याचं उत्तर मला देता आलं नसतं. कॅन्टीनमध्ये ते उत्तर माझ्या निवृत्तीपर्यंत पुरलं असतं. मी तुकडे कागदात गुंडाळून खणात टाकले, आदल्या आठवड्यात पास झालेली एक प्लेट घेतली, पेटीत ठेवली आणि कडी काढली. चकाकी तीच, काळेपणा तोच. मशीनवर लावली असती तर आकडाही तोच आला असता. पुढे लावली तेव्हा आलाच. पण आकडा नुसती खरखर किती ते सांगतो, ती कशा तऱ्हेची ते सांगत नाही.

मामा सुजलेला गाल घेऊन आत आले, हसले, पेटी उघडली आणि थोरलीला गाल लावला. लगेच काढला. परत लावला.

"ही थोरली नाय."

"असं कसं? पेटीतलीच आहे ना," मी म्हणालो. "मामा, तुमची सूज अजून उतरलेली नाही."

ते बराच वेळ गाल चाचपत राहिले. "तसंच असंल," म्हणाले.

सूज उतरली, पण मामांचं काही बदललं नाही. रोज दाढी, रोज पेटी, आणि रोज तेच, "ही थोरली नाय." थोरलीच पटत नाही म्हटल्यावर माल कशाशी ताडणार? मामा एकही प्लेट पास करीनात. माल साठत गेला. दाढेबरोबर मामांच्या गालाची शीर गेली, अशी बातमी टाक्यांपासून गेटपर्यंत पसरली. बाया हळहळल्या. स्टोअरवाल्याने ब्लेड बंद केली. शेवटी मॅनेजरसाहेबांनी गालाची परीक्षा घ्यायचं ठरवलं.

हा प्रसंग मी किती वेळा मनात बघितला आहे. खोलीत दाटी. खुर्चीत मामा, डोळ्यांवर प्लेटा पुसायचा पांढरा कपडा बांधलेला, गाल तुळतुळीत. समोर ट्रे धरून मी. ट्रेमध्ये तीन प्लेटा, मधली पेटीतली.

"मामा, तिघींतली थोरली ओळखा," साहेब म्हणाले.

मामांनी पहिलीला गाल लावला. मग दुसरीला. मग तिसरीला. परत पहिलीला. कुणीतरी मागून म्हणालं, "मुका घ्या मामा, लवकर कळंल," आणि सगळे हसले. मामा हसले नाहीत.

"सायेब, थोरली हितं नायच. ह्या तिघी तिच्या धाकट्या हायत. ती कुठं ठेवली?"

हशा पिकला. साहेबांनाही हसू आवरेना. मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा. यात मास्टर आहे की नाही?"

माझ्या खणात, चार हातांवर, थोरली तीन तुकड्यांत पडली होती.

"आहे सर," मी म्हणालो. "मधली."

मामांनी डोळ्यांवरचा कपडा सोडला आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ओळखलं यांनी. पण त्या नजरेत संशय असा नव्हताच. त्यांनी दोन बोटांनी स्वतःचा गाल हळूच दाबून बघितला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. "भाचेसायेब बोलतात म्हंजे आसंलच," म्हणाले. "गेला वाटतं."

त्यांना गेटवर बसायचं काम देऊ केलं. त्यांनी घेतलं नाही. आरसा स्वतः उतरवून पुसून स्टोअरला परत केला. पोलादपूरपर्यंत मी त्यांना मोटारसायकलवर सोडायला गेलो. स्टँडवर वाडीकडची जीप भरायची वाट बघत आम्ही चहा घेतला. वाक्य माझ्या तोंडाशी होतं, अगदी दातांपर्यंत. तेवढ्यात तेच म्हणाले, "भाचेसायेब, तोंड कशाला पाडलंय? तुमचा काय दोष? दाढ काढली ती माझी मी." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून जीपमध्ये बसले, उजवीकडच्या खिडकीशी. डावा गाल आता वाऱ्याला लागला तरी चालणार होता, पण सवय जात नव्हती.

पेटीतली ती खोटी थोरली आजही मास्टर आहे. मामांनंतर मशीनच्या आकड्यावर माल जातो आणि त्याबद्दल एकही तक्रार नाही. उलट पुण्याहून कौतुक आलं की हल्ली केएम फारच छान येतंय. कितीतरी घरांतल्या शेगड्यांवर लोक पातेली सरकवतात, वरून हात फिरवून पुसतात आणि त्यांना बरं वाटतं. ते बरं वाटणं माझ्या थापेशी ताडून पास झालेलं आहे.

गेल्या हिवाळ्यात मी धीर करून वाडीवर गेलो. थोरलीचा सगळ्यांत मोठा तुकडा रुमालात गुंडाळून पिशवीत घेतला होता. मामा गोठ्यात होते. दोन्ही गालांवर पांढरी दाढी, डावीकडेही. मला बघून एवढे खूश झाले की मामींना दोनदा हाक मारली.

"भाचे आलेत गो! कंपनीतले!" मग मला, "आता गालाला कोन हाय तिथं?"

"मशीनच आहे, मामा."

"दाढी करतं का ते?"

आम्ही दोघंही हसलो. काळी म्हैस खात नव्हती, म्हणून मामा तिच्यापाशी होते. ते तिच्या कानाजवळ वाकले, आणि मला वाटलं आता गाल लावतील. ते तिथेच थांबले. मग सरळ होऊन मामींना म्हणाले, "तू बग गो जरा ताप हाय का. माझ्या गालावं नको जाऊस. तो काय खरा नाय ऱ्हायला."

मामी पुढे आल्या आणि म्हशीच्या कानाला त्यांनी स्वतःचा गाल लावला. मामा बाजूला उभे राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ज्या माणसाने गाल सांगेल त्यावर आयुष्यभर जनावरं वाचवली, तो आता आपल्याच गोठ्यात दुसऱ्याला विचारत होता. मी पिशवीत हात घातला. रुमालाला हात लागला. मामींनी चहा आणला. मी चहा प्यायलो, म्हशीची चौकशी केली आणि उतरलो. मामा पायवाटेच्या वळणापर्यंत सोडायला आले. आपल्याला ते रागावतील, ही भीती मला नव्हती. ते हसतील, पाठीवर हात ठेवतील आणि तिथल्या तिथे माफ करतील, याची होती.

तो तुकडा माझ्या कपाटात आहे. कडा मी घासून घेतल्या आहेत, गालाला लागू नयेत म्हणून. मामांना दाढी करायला लावून तो त्यांच्या डाव्या गालाला लावायचा आणि म्हणायचं, ही थोरली, मी फोडली, त्या दिवशी तुम्ही बरोबर होता. एवढं मी त्यांचं देणं लागतो.